खिडकीबाहेरची हजेरी

तालुक्याच्या कोर्टात माझी ड्यूटी लागली, त्या पहिल्याच सकाळी एका माणसाने मला फाटकातून परत पाठवलं. अंगात पांढरा गणवेश, कमरेला पट्टा, छातीवर पितळी बिल्ला आणि तोंडावर लाल कापडाचा मास्क. कोर्टात जुन्या फायली ज्या लाल कापडात बांधून ठेवतात, त्या बस्त्याच्या कापडाचा तो मास्क होता. चार पदरी, हाताने शिवलेला. नाकापासून हनुवटीपर्यंत माणूस रेकॉर्डरूमला जमा झाल्यासारखा दिसत होता.

"नाव?"

मी सांगितलं. त्यांनी हातातली यादी वरून खालपर्यंत पाहिली, मग उलटून मागची बाजूही पाहिली.

"तुमचं नाव पुकाऱ्यात नाई. वापस जा."

"मी आरोग्य विभागाची आहे. याच फाटकावर लोकांचं तापमान घ्यायला पाठवलंय मला. हा आदेश."

"आदेश बरोबर हाय. यादीत नाई."

मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन कोर्टाच्या ऑफिसात फोन लावला. आतून बाबू धावत आला, म्हणाला, मामा, अहो त्या आपल्याच बाई आहेत, आणि मग मला प्रवेश मिळाला. यात वीस मिनिटं गेली. मामांनी माफी वगैरे मागितली नाही. थोड्या वेळाने स्वतः एक खुर्ची उचलून आणली, लिंबाच्या सावलीत ठेवली आणि म्हणाले, "अथी बसा, सिस्टर. उन्हात तुमची तापाची बंदूकच तापली तं दुसऱ्याचं काय मोजान?"

ते कोर्टाचे शिपाई होते. सगळे मामा म्हणत, म्हणून मीही मामा म्हणू लागले. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे असतील. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे जवळजवळ चार महिने मी त्या फाटकावर बसले. त्याआधी बावीस वर्षं उपकेंद्रात लसी टोचल्या, बाळंतपणं केली, पण कोर्टाची पायरी चढायची वेळ आली नव्हती. चार महिन्यांत एवढं कळलं की दवाखाना आणि कोर्ट यांत फार फरक नाही. दोन्हीकडे माणूस नंबर लावून बसतो, दोन्हीकडे सोबत चौघांना घेऊन येतो, आणि आपला नंबर मागे पडला की बाहेरच्या शिपायाशी भांडतो. मामांशी मात्र भांडता येत नसे. ते इतकं हळू बोलत की भांडणाऱ्यालाच आवाज खाली आणून कान पुढे करावा लागे, आणि तोवर त्याचा जोर ओसरलेला असे.

त्यांचा आवाज चढायचा तो फक्त पुकाऱ्याला.

पुकारा म्हणजे काय, हेही मला तिथेच समजलं. प्रकरणाची पाळी आली की शिपाई कोर्टाच्या दारात येऊन दोन्ही पक्षकारांची नावं मोठ्याने घेतो. असं तीन वेळा. तिसऱ्यांदाही कोणी ओ दिली नाही, तर आत बाबू कागदावर लिहितो: गैरहजर. पुढे काय करायचं ते न्यायाधीशांच्या हातात. कधी पुढची तारीख पडते, कधी प्रकरणच खारीज होतं. म्हणजे माणूस वर्षानुवर्षं खेटे घालणार आणि नेमका लघवीला गेला असताना त्याचं नाव निघणार. इतर कोर्टांत हे तिन्ही पुकारे एका दमात उरकतात असं वकील सांगत. मामांचे उरकत नसत.

पहिला पुकारा झाला की ते थांबत. दारापासून चहाच्या टपरीपर्यंत एकशे चाळीस पावलं, मुतारीपर्यंत नव्वद, झेरॉक्सच्या दुकानापर्यंत दोनशे दहा, हे त्यांनी चालून मोजलेलं होतं. टपरीवर बसलेला माणूस कप खाली ठेवून दारापर्यंत येईल एवढा वेळ ते देत. पक्षकार म्हातारा असला की त्याच्या दुप्पट. दुसरा पुकारा झाला की ते व्हरांडा उतरून स्वतः शोधायला निघत. आत न्यायाधीश, दोन वकील, बाबू, सगळे बसलेले. आणि मामा पाण्याच्या टाकीमागे डोकावून पाहतायत. पूर्वीचे एक न्यायाधीश वैतागून म्हणाले होते, "मामा, तुम्ही पुकारा करता की प्रदक्षिणा घालता?" त्यावर मामा शांतपणे म्हणाले होते, "दोनी, साहेब."

असं का करतात, याच्या तीन गोष्टी मी ऐकल्या. टपरीवाला सांगायचा की नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी घाईघाईने तीन पुकारे केले, आणि एका आंधळ्या माणसाचं प्रकरण तो दारातच उभा असताना खारीज झालं. बाबूचं म्हणणं, तसं काही नाही, मामांचे स्वतःचे वडील असेच एकदा गैरहजर लागले होते. मी मामांनाच विचारलं. ते म्हणाले, "गुडघे धरतात, सिस्टर. बसून राह्यलं की अकडतात. म्हनून हिंडतो." तिन्हींपैकी खरी कोणती, ते मला माहीत नाही, आणि मी पुढे शोधलंही नाही.

साथीत पुकाऱ्याची पंचाईत झाली. कोर्टात गर्दी नको, व्हरांड्यात कोणी थांबायचं नाही, ज्याचं काम त्यालाच आत सोडायचं, असा नियम आला. लोक बाहेर आवारात पांगले. पुकारा तर सगळ्यांपर्यंत पोचायला हवा, आणि मामा मास्क खाली करायला तयार नाहीत.

"घडीभर खाली करा आणि मोठ्याने घ्या नाव," बाबू म्हणाला.

"खाली करून वरडलो तं नावासंगं काय काय उडत जाईन, ते सिस्टरले इचार."

मला विचारायची गरज नव्हती. ते बरोबर होते. पण चार पदरी बस्त्यातून त्यांचा आवाज टाकीपर्यंतसुद्धा जाईना. मग त्यांनी एका भाजीवाल्याचा भोंगा मागून आणला. पहिल्या दिवशी चोरीच्या एका प्रकरणाचा पुकारा करायला ते दारात उभे राहिले, भोंगा तोंडाशी धरला, भलतंच बटण दाबलं, आणि सगळ्या आवारात भाजीवाल्याचा आवाज घुमला: "मेथी घ्या, सांभार-कोथिंबीर घ्या, ताजे ताजे टमाटे!" आरोपी उठून उभा राहिला होता, तो पुन्हा खाली बसला. वकिलांनी फायली तोंडापुढे धरल्या. भोंगा बंद होईना. मामांनी तो पोटाशी आवळून धरला, तर तो पोटातून ओरडायला लागला. शेवटी बाबूने त्याची बॅटरी काढली.

दुसऱ्या दिवशी भोंगा परत गेला. मी विचारलं, बटण तर आता कळलंय, मग परत का दिला? म्हणाले, "त्याच्यातून माणसाचं नाव बी भाजीवानीच वाटते."

त्यानंतर त्यांनी चुना आणला.

आवारातल्या लिंबांखाली त्यांनी चुन्याचे गोल आखले, एकमेकांपासून सहा-सहा फुटांवर, आणि प्रत्येकात आकडा लिहिला. त्या दिवशीच्या यादीत ज्याच्या प्रकरणाचा जो नंबर, त्याने त्या गोलात उभं राहायचं. म्हणजे चौदा नंबर निघाला की चौदाच्या गोलाकडे पाहून हात केला की झालं. पद्धत चांगली होती. मी माझ्या लसीकरणाला पुढे तीच वापरली. तिच्यात दोन चुका मात्र निघाल्या. एक म्हणजे, एका प्रकरणात माणसं दोन असतात आणि नंबर एकच. पहिल्या दिवशी चौदाच्या गोलात दोन चुलतभाऊ येऊन उभे राहिले. त्यांचं भांडण अकरा वर्षं चाललेलं, आणि आता छातीला छाती लागेल इतके जवळ. दोघेही गोल सोडायला तयार नाहीत. गोल सोडला तर गैरहजर लागू, अशी दोघांना धास्ती. मामांनी येऊन शेजारी दुसरा गोल काढला, तेव्हा त्यात कोणी जायचं यावर नवा वाद उभा राहिला, कारण जुन्या गोलात सावली जास्त होती.

"घंट्या घंट्यानं बदली करा," मामा म्हणाले. "अन् हे कोर्टाचं भांडन नोहे बे. हे माह्या चुन्याचं हाय. याच्यावर अपील नाई."

दुसरी चूक मोठी होती आणि ती माझ्या बंदुकीने पकडली. मामांनी गोल आखले सकाळी साडेनऊला, सावली पाहून. दुपारी एकला सावली सरकून भिंतीपलीकडे गेली आणि गोल भर उन्हात आले. आमच्याकडचं एप्रिलचं ऊन काय असतं ते सांगायला नको. पण लोक गोलातून हलले नाहीत. मामांनी सांगितलेलं होतं, नाव निघाल्याशिवाय गोल सोडायचा नाही. नावं निघाली, माणसं दाराशी आली, मी कपाळाला बंदूक लावली, तर पहिल्याला शंभर पॉइंट आठ, दुसऱ्याला एकशे एक, तिसऱ्यालाही एकशे एक. सात जण ओळीने तापाचे! क्षणभर मलाही वाटलं की सगळं आवारच बाधित झालं. मग मी चुन्याच्या डब्याला बंदूक लावली. त्यालाही ताप होता.

तेव्हापासून दुपारचे गोल वेगळे आखले गेले, आणि फाटकातून येणाऱ्या प्रत्येकाने आधी अर्धा तास सावलीत बसायचं, मगच मी मोजायचं, असं ठरलं. फटफटीवरून डोकं तापवून आलेली माणसं कुरकुर करत. मामा त्यांना रांजणातलं पाणी दाखवून म्हणत, "दुपट्टा वला कर, डोक्यावर घे, अन् बस. कोर्टात तारीख लागते तशी सावलीची बी तारीख लागते."

सोबत आलेल्या माणसांचा मात्र त्यांना मनापासून राग होता, आणि तो साथीच्या आधीपासूनचा. एकदा एक टेम्पो आला. एका प्रकरणासाठी चौदा माणसं. काका, मामा, मेहुणे, सरपंचाचा भाऊ. मामांनी यादी काढली.

"याच्यात नाव कोनाचं हाय?"

एकाने हात वर केला.

"बाकीचे वरातीले आले का?"

"मामा, धीराले आलो आमी," त्यातला एक म्हातारा म्हणाला.

"धीर रस्त्याच्या त्या बाजूनं बी देता येते, बुढेबाबा. तथी वडाची सावली बी मस्त हाय." आणि तेरा माणसांना पलीकडे नेऊन, एकमेकांपासून लांब लांब बसवून आले.

मामा निवृत्त होऊन आता बरेच दिवस झाले. जळगाव जामोदला मुलीकडे असतात. मध्यंतरी मी तिकडे एका प्रशिक्षणाला गेले होते, तेव्हा भेटून आले. घरी त्यांना कोणी हाक मारली की ते पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, अशी मुलीची तक्रार. "तिसऱ्या हाकेले बोलते बाबा," ती म्हणाली. मामा ऐकून न ऐकल्यासारखे दाणे सोलत बसले होते.

पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर एक दिवस सांगितल्याशिवाय भागणार नाही.

त्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला एक बाई फाटकाशी आली. जानेफळच्या बाजूच्या खेड्यातली, पस्तीस-छत्तीस वर्षांची, अंगाने किरकोळ. ती वाचली, हे आधीच सांगून टाकते. उगाच ताणून धरण्यात मला रस नाही. पण तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हतं. सावलीत अर्धा तास बसवून मी मोजलं: एकशे एक पॉइंट सहा. पुन्हा पंधरा मिनिटं थांबवून मोजलं, तेवढंच. हे उन्हाचं नव्हतं. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर एक्याण्णव. बोलताना मध्ये मध्ये थांबत होती.

मी तिला फाटकाच्या आतल्या बाजूला, सगळ्यांपासून लांब, टिनाच्या शेडखाली बसवलं, स्वतः गाऊन चढवला आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला. पाऊण तास लागेल म्हणाले.

"तुला दवाखान्यात जावं लागेल," मी तिला सांगितलं.

"जातो. पहिले माहं नाव होऊ द्या."

"आत सोडता येणार नाही तुला."

"मंग मी गाडीत बसत नाई."

तिचं काय अडलं होतं, ते तिने तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. नवरा वारलेला. तीन एकर वावर तीच करते. दिराचं म्हणणं, ते आमच्या वाट्याचं आहे. कोर्टाने दिराला मनाई केली होती: निकाल लागेपर्यंत वावरात पाय ठेवायचा नाही. पण ही मनाई एका तारखेपासून पुढच्या तारखेपर्यंतचीच. दर वेळी वाढवून घ्यावी लागायची. मागच्या दोन तारखांना तिच्याकडून कोणीच हजर नव्हतं. एकदा वकील म्हणाले येऊ नको, दुसऱ्यांदा एसटी बंद होती. आता वकीलच कोविड सेंटरला भरती. न्यायाधीश मॅडमनी गेल्या तारखेला कागदावर लिहिलं होतं: शेवटची संधी. आज तिच्या नावाला ओ आली नाही, तर मनाई उठणार.

"अन् उठली का उद्या वावरात टॅक्टर," ती म्हणाली. "नांगरलं त्याचं वावर, सिस्टर. मंग मी जलमभर कोर्टात येत राहीन, तो पेरत राहीन."

ते खरं होतं. खेड्यात राहिलेल्या कोणालाही ते समजतं. पण मी तिला आत सोडलं नाही. आजही सोडणार नाही. आत एका खोलीत वीस माणसं होती, त्यांत दोघं साठीच्या पुढचे.

मामा तिथे येऊन उभे राहिले होते, अंतर ठेवून. त्यांनी यादी पाहिली. तिचा नंबर बावीस. आत नववा चालू होता.

"गाडी कवा येते?" त्यांनी मला विचारलं.

"अर्ध्या तासात."

"तं बावीस तवरिक होत नाई."

एवढं म्हणून ते निघून गेले. कोर्टात नंबर मागेपुढे करायचा अधिकार न्यायाधीशांचा. शिपायाने आत पुकारा आणि 'शांतता' याशिवाय शब्द काढायचा नसतो. मामांनी एवढ्या नोकरीत कधी काढला नव्हता, असं बाबू नंतर म्हणाला. त्या दिवशी दोन प्रकरणांच्या मधल्या फटीत ते पुढे झाले.

"मॅडम, बावीस नंबरची बाई आली हाय. ताप हाय तिले. सिस्टरनं फाटकापाशी थांबवली."

मॅडम पुण्याकडच्या, वयाने मामांच्या मुलीएवढ्या. म्हणाल्या, "मग? आत येता येत नसेल तर गैरहजर लावावं लागेल."

"आली हाय न ती."

"मला दिसत नाहीये मामा."

"दिसन. खिडकीत पाहा."

कोर्टाच्या मागच्या भिंतीला एक मोठी खिडकी होती. दर उन्हाळ्यात तिच्यात कूलर बसायचा. त्या वर्षी कूलर लावायला बंदी, खिडक्या उघड्या ठेवा असा नियम, म्हणून ती सताड उघडी होती आणि आत येणाऱ्या झळांपायी सगळे वकील तिला शिव्या देत. मामांनी बाहेर येऊन मला खूण केली. मी त्या बाईला इमारतीला वळसा घालून मागे नेलं, हापशापाशी. मामांनी खिडकीपासून पावलं टाकली. नऊ. तिथे पायाने रेघ मारली.

"याच्या पुढं नाई."

मग ते पुन्हा आत गेले आणि पुढच्या दारात उभे राहून त्यांनी रीतसर पुकारा केला. तिथे कोणीच नव्हतं, कप गोळा करायला आलेला टपरीवाला सोडून. पुकारा दारातच व्हायला हवा, म्हणून. त्यानंतर सगळं कोर्ट ओलांडून ते खिडकीशी आले आणि तेच नाव, नवऱ्याचं नाव आणि गावासकट, नऊ पावलांवर उभ्या असलेल्या तापाच्या बाईच्या तोंडावर सगळ्या ताकदीने ओरडले. ती दचकली. मग म्हणाली, "हजर!"

दिराचे वकील उठले. "मॅडम, हरकत आहे. पक्षकार कोर्टाच्या खोलीत नाही. शिवाय तोंडाला मास्क, एवढ्या अंतरावरून कोण कशावरून ओळखणार?"

मॅडमनी विचार केला. "सिस्टर, तिचा मास्क क्षणभर खाली करता येईल?"

"येईल. वारा आतून बाहेर आहे," मी खिडकीतून सांगितलं.

तिने मास्क खाली केला. मॅडमनी दिराला खिडकीशी बोलावलं. "या तुमच्या भावजय ना?"

दीर खिडकीशी आला. धोतर, पांढरी टोपी, मास्क हनुवटीवर. मामांनी बोटाने खूण केली तेव्हा त्याने तो नाकावर चढवला. मग तो डोळे बारीक करून पाहत राहिला.

"मॅडम, आता... एवढ्या लांबून कसं सांगू मी?"

"काऊन वो भाऊजी!" बाहेरून आवाज आला. दम लागलेला होता, पण आवाज पोचला. "पोळ्याले माह्याच हातच्या पुरनपोळ्या जेवले न? चार खाल्ल्या. तवा बरी वळखली!"

कोर्टात हसू फुटलं. मामा म्हणाले, "शांतता!" आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहिले.

"सांगा," मॅडम म्हणाल्या. "शपथेवर विचारू का?"

"तेच हाय," दीर म्हणाला.

"वकील साहेब, आणखी काही?"

वकील बसले. मॅडमनी बाबूला सांगायला सुरुवात केली, बाबू टाइप करू लागला. मी एका डोळ्याने ऑक्सिमीटर पाहत होते. नव्वद.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा टायपिंग चालूच होतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी बाईला म्हटलं, चल, झालं तुझं काम.

"काय झालं? कागद दाखवा."

"नक्कल आज मिळत नाही. अर्ज करावा लागतो."

"नक्कल नको. लिवलं का, तेवढं पाह्यतो."

मी तिला दोन शब्द कडक बोलले. ती हापशाच्या दांड्याला धरून उभी राहिली, हलेना. ओढून नेता आली असती, पण तेवढ्या झटापटीत तिचा ऑक्सिजन आणखी खाली गेला असता. मी खिडकीकडे पाहिलं. मामा बाबूच्या खांद्यामागे उभे होते. प्रिंटरमधून कागद निघाला, मॅडमनी सही केली, आणि मामांनी तो घेऊन खिडकीच्या गजाला आतून चिकटवून धरला. कोर्टाचा कागद बाहेर जाता कामा नये. तो गेला नाही. मी पुढे होऊन वाचला.

"अर्जदार खिडकीबाहेर हजर. मनाई हुकूम पुढील तारखेपर्यंत कायम." आणि तारीख वाचली.

"खिडकीबाहेर काऊन लिवलं?" ती म्हणाली. "नुसतं हजर लिवा. उद्या हा म्हनन, बाहेर होती म्हंजे नव्हतीच."

ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. मला वाटलं, आता ही इथेच कोसळणार. मामांनी कागद खाली घेतला, खिडकीशी वाकले आणि नेहमीच्या त्या हळू आवाजात बोलू लागले. पुकारा नव्हता तो. तिला एक पाऊल पुढे यावंसं वाटलं असणार, पण ती रेघेवरच थांबून मान पुढे करून ऐकत राहिली.

"आयक, माय. नुसतं हजर लिवलं तं त्याचा अर्थ आतमंदी होती. तापाची बाई आतमंदी होती म्हटलं का ह्या सिस्टरले, मॅडमले, वकिलायले, आमाले, समद्यायले चौदा दिवस कोंडतीन. कोर्टाले कुलूप. मंग तुह्या पुढच्या तारखेले हुकूम वाढवाले कोन बसन अथी? मी?"

तिने विचार केला. घाई कसलीच नसल्यासारखा, नीट.

"तुह्या देराले बी कोंडतीन," मामा म्हणाले.

"ते चाललं असतं," ती म्हणाली. मग दांडा सोडला. "असू द्या. खिडकीबाहेर असू द्या."

गाडीपर्यंत ती स्वतःच्या पायांनी चालत गेली. मी कागदपत्रं ड्रायव्हरकडे दिली, दार लावलं, परत येऊन हापशाचा दांडा आणि ऑक्सिमीटर स्पिरिटने पुसले. आतून दहाव्या नंबरचा पुकारा ऐकू आला. दारातून, मास्कमधून, एकदा. मग मामा थांबले.